काठीने नव्हे, शाबासकीने

वाचकहो, कुत्र्याला शिकवायचे म्हटले की आपल्याकडे आधी काठी शोधली जाते. त्याने घरात घाण केली, हाण काठी. पाहुण्याच्या अंगावर उडी मारली, हाण काठी. ही समजूत केवळ आपल्याच वस्तीतली नव्हे. जर्मनीतील कॉनराड मोस्ट यांनी पोलिसांची कुत्री तयार करण्याच्या अनुभवावरून १९१० साली पुस्तक लिहिले, त्यातही सक्तीवर आणि साखळीच्या झटक्यावर मोठा भर होता. पुढे कित्येक वर्षे हीच रीत चालली.

ही रीत बदलणाऱ्यांत अमेरिकेच्या कॅरन प्रायर या बाईंचे नाव आम्हाला आवर्जून सांगावेसे वाटते. त्यांचा जन्म १९३२ सालचा. कॉलेजात त्या शिकल्या इंग्रजी साहित्य. त्यांचे पहिले पुस्तक आईने बाळाला अंगावर पाजावे कसे, या विषयावरचे. त्यांच्या पतीने हवाई बेटांवर डॉल्फिन या समुद्री प्राण्यांचे उद्यान उभारले आणि १९६३ साली डॉल्फिनना शिकविण्याचे काम बाईंकडे आले.

आता डॉल्फिनला साखळी बांधता येत नाही की काठी मारता येत नाही. तुम्ही रागावलात तर तो सरळ पोहत लांब जातो. तेव्हा बाईंनी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचा नियम हाती धरला. ज्या वागण्यातून चांगले फळ मिळते, ते वागणे प्राणी पुन्हा करतो. डॉल्फिनने हवी ती उडी मारली की त्याच क्षणी शिट्टी वाजवायची आणि मग मासा द्यायचा. पुढे त्यांनी नवीन काही केले तरच मासा, असा प्रयोग केला. तेव्हा डॉल्फिन कोणी न शिकविलेल्या कसरती करू लागले. १९६९ साली हा प्रयोग शास्त्रीय नियतकालिकात छापून आला. मार चुकविण्यासाठी वागणारा जीव असे आपणहून काही करून पाहात नाही.

१९९० नंतर बाईंनी हीच पद्धत कुत्रे शिकविणाऱ्यांपर्यंत नेली. शिट्टीच्या जागी 'टिक' वाजणारी छोटी डबी आली. ती नसली तरी अडत नाही. 'शाब्बास' हा एकच शब्द पुरतो, मात्र तो अचूक वेळी उच्चारावा आणि लगेच भाकरीचा तुकडा द्यावा. कुत्रा अंगावर उड्या मारत असेल तर पाठ फिरवा. चारही पाय जमिनीवर टेकले की शाबासकी द्या. घरात सर्वांनी एकच नियम पाळावा. एकाने लाड केले आणि दुसऱ्याने ओरडले तर बिचाऱ्याला काहीच उमगत नाही.

दुपारी केलेल्या घाणीबद्दल संध्याकाळी मारले तर कुत्रा एवढेच शिकतो की मालक घरी आला की मार बसतो. आम्ही हिशेबाच्या वह्यांत वावरणारी माणसे, आम्हाला यात मजुरीचाच न्याय दिसतो. काम आज आणि दाम महिन्यांनी, तर कोणाचे मन कामात रमेल?

बाईंचे गाजलेले पुस्तक १९८४ साली निघाले. त्याच्या नावाचा अर्थ 'कुत्र्याला गोळी घालू नका' असा, पण त्यातला बराच भाग नवरा-बायको, मुले आणि साहेब यांच्याशी कसे वागावे याविषयी आहे. आणि आमचे खरे सांगणे इथेच आहे. मूल म्हणजे कुत्रे नव्हे. परंतु ज्या गोष्टीसाठी कुत्र्यावरही काठी उगारण्याची गरज नाही, त्यासाठी लेकरावर हात का उचलावा? गणितात २८ वरून ३५ वर आलेल्या मुलाला आपण उरलेल्या ६५ गुणांसाठी झोडपतो. वाढलेले सात गुण कोणी पाहात नाही. मग ते मूल प्रगतिपुस्तक लपवायला शिकते. शाळेत मारण्यास २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी केली आहे. घरातली बंदी आपणच घालायची आहे.

प्रायरबाई २०२५ साली वयाच्या ९२ व्या वर्षी वारल्या. माता-भगिनींनो, बंधूंनो, येत्या आठवड्यात एवढेच करून पाहा. मुलाने दप्तर जागेवर ठेवले, मुलीने न सांगता पाणी भरले, तर त्याच क्षणी आणि नेमके त्याच कामाचे नाव घेऊन शाबासकी द्या. त्याला पैसा लागत नाही.