अर्ध्यातून अख्खं पिंपळपान

वहीत काढलेलं पिंपळाचं पान स्नेहसंमेलनाच्या दहा फुटी फलकावर न्यायचंय. काय कराल? फोटो काढून मोठा केलात, तर कडा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या दिसतील. फोटो म्हणजे ठिपक्यांची रांगोळी, ताणली की विस्कटते. 'इंकस्केप'मध्ये मात्र संगणक रेघेचं गणित लक्षात ठेवतो : ती कुठून निघाली, कशी वळली. म्हणून फलक केवढाही असो, रेघ स्वच्छ! २००३ सालापासूनचं हे सॉफ्टवेअर मोफत आहे, तेव्हा चोरट्या कॉपीची गरजच नाही.

चला, माउस धरा. आधी पेन घ्या, म्हणजे बी दाबा. देठाच्या जागी एक क्लिक. पानाचं पोट जिथे फुगतं तिथे दुसरं, पण बटण न सोडता थोडं ओढा. बघा, रेघ वाकली! टोकाशी तिसरं, आणि परत देठावर चौथं. झालं अर्धं पान.

पण हे तर वडाचं वाटतंय ना? पिंपळाची ओळख त्या लांब शेपटीत. एन दाबून नोड टूल घ्या. पोट आणि टोक यांच्या मधल्या रेघेवर डबलक्लिक केलं, की नवा बिंदू येतो. तो आत ढकला. बिंदूच्या दोन बाजूंना दांड्या असतात. त्या फिरवल्या की वळण बदलतं. इथे घाई नको, चांगली दहा मिनिटं खेळा. बिंदू मात्र उगाच वाढवू नका, रेघ खडबडीत होते.

या वळणांना रेनॉ मोटार कंपनीतले फ्रेंच इंजिनिअर पिएर बेझिए यांचं नाव आहे. खरं तर १९५९ सालीच सित्रोएन कंपनीतल्या पॉल द कास्तल्जो यांनी हे गणित सोडवलं होतं. कंपनीने ते गुपित ठेवलं आणि नाव झालं दुसऱ्याचं! मला तर फार हळहळ वाटते.

असो. आता निवडीचा बाण घ्या, कंट्रोल आणि डी दाबून प्रत काढा, मग एच दाबा. प्रत आरशातल्यासारखी उलटते. ती सरकवून किंचित पहिल्यावर चढवा. फट राहिली तर जोड लागत नाही. दोन्ही अर्धी निवडून 'पाथ'मधलं 'युनियन' करा. अख्खं पान तयार!

फाइल एसव्हीजी म्हणूनच जपा. नुसती पीएनजी प्रत ठेवलीत, तर छपाईच्या दिवशी पुन्हा त्याच पायऱ्या! पुढच्या अंकात रंग भरू. तोवर जास्वंदीची एक पाकळी काढून ठेवा, उरलेल्या चार आपण फिरवून घेऊ.