माझी फुलं देवाला घाला, ताटात घालू नका



या पानावर एरवी मी पाणी, फवारणी आणि बाजारभाव लिहितो. आज भांडण लिहितोय. शहरातल्या केकवाल्याशी आहे, आपल्यातल्या काही शेतकऱ्यांशी आहे, आणि सगळ्यात आधी माझ्याशीच आहे.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. मांजरीला माझा वीस गुंठे झेंडू आणि दहा गुंठे गुलाब. एक तरुण गाडी लावून बांधावर आला. "काका, दोनशे फुलं द्या. लहान, टवटवीत. केकवर लावायचीत. मार्केट यार्डात दबलेली मिळतात." पैसे रोख, यार्डातल्या भावाच्या तिप्पट. मी दिली. आदल्याच दिवशी फुलकिड्यासाठी फवारा मारला होता. माझ्या डोक्यात आलं नाही असं म्हणणार नाही. आलं होतं. म्हणलं, शोभेला लावणार, कापताना काढून टाकतील.

पंधरा दिवसांनी हडपसरला भाचीच्या मुलीचा वाढदिवस होता. केक आला. वर झेंडू, गुलाबाच्या पाकळ्या, देठ थेट क्रीममध्ये रोवलेले. माझीच फुलं होती असं नाही, कुणाचीही असतील. चार वर्षांची पोर पाकळी चावत होती आणि सगळे मोबाईल धरून हसत होते. मी उठून तिच्या तोंडातून पाकळी काढली. पोरगी रडली, बहीण चिडली. "दादा, खायची फुलं असतात ती. केकवाल्यानं सांगितलंय."

खायची फुलं! केकवाल्याला कुणी सांगितलं? माझ्यासारख्यानंच. म्हंजे सांगितलं नाही, गप्प बसून पैसे घेतले.

फूल खाणं ही फॅशन नाही

आधी एक स्पष्ट करतो. फूल खायला माझा विरोध नाही. उलट ज्यांना हे परदेशी खूळ वाटतं त्यांनी आपल्या आजीला विचारावं. हादग्याच्या फुलांची भाजी, शेवग्याच्या फुलांची भाजी, भोपळ्याच्या फुलांची बेसनातली भजी, कोकणात केळफूल, रानात कुड्याची फुलं, पालघर-ठाण्याकडं पावसाच्या तोंडावर शेवळं, गडचिरोली-नंदुरबारला मोह. गुलकंद तर प्रत्येक पानवाल्याकडं आहे. लवंग म्हंजे काय? वाळवलेली कळी. फ्लॉवरचा गड्डा म्हंजे काय? न उमललेला फुलोराच.

पण या यादीत एक गोष्ट बघा. यातलं एकही फूल हारासाठी लावलेलं नव्हतं. परसातलं, बांधावरचं नाहीतर रानातलं होतं. त्यावर कुणी पंप घेऊन फिरत नव्हतं. आजीनं फूल खाल्लं ते खायचं म्हणून वाढलेलं. आपण आज खातोय ते विकायचं म्हणून वाढवलेलं. फरक एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

बाजारातलं फूल का नको

शेतकऱ्याला हे सांगायला नको, पण शहरातले लोकही हे पान वाचतात म्हणून लिहितो.

टोमॅटोवर फवारलं तर औषधाच्या डब्यावर लिहिलेलं असतं, इतके दिवस तोडणी करू नका. पीएचआय म्हणतो आपण त्याला. माझ्या औषधाच्या खोलीतले डबे काढून बघितले. टोमॅटोपुढं दिवस आहेत, मिरचीपुढं आहेत. गुलाबापुढं रेघ. कारण गुलाब कुणी खाईल असं धरलेलंच नाही.

दुसरं, फुलकिडा बसतो कुठं? पाकळ्यांच्या आत. म्हणून आपण फवाऱ्याचं तोंड फुलावरच धरतो. काकडीला निदान साल काढता येते, फुलाला साल कुठली? आंतरप्रवाही औषध असेल तर ते रसातच गेलेलं असतं, नळाखाली दहा वेळा धुतलं तरी निघत नाही. आणि झेंडू-गुलाबाची तोडणी दिवसाआड, सणासुदीला रोज. थांबायचं म्हणलं तरी थांबणार कधी?

तिसरं, काढणीनंतरचं. दांडीचा गुलाब जास्त टिकावा म्हणून द्रावणात उभा करतात. पांढऱ्या शेवंतीला निळा-हिरवा रंग पाजतात. ती फुलं पुढं ताटात जातील असा विचार करून कुणी ते करत नाही.

आणि वाळवून चहा करणाऱ्यांनो, वाळवल्यानं पाणी उडतं. औषध सगळं उडत नाही. किलोभर पाकळी वाळून मूठभर होते, म्हणजे त्या मुठीत किलोभराचा हिशोब येऊन बसतो. बाजारच्या गुलाबाचा घरगुती गुलकंद करणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं.

"दोन पाकळ्यांनी काय होतंय?"

हा प्रश्न मला चार जणांनी विचारला. त्यातले तिघं शेतकरी. खरं सांगायचं तर दोन पाकळ्या खाऊन कुणी तिथंच आडवं पडणार नाही. पण हेच वाक्य आपण द्राक्षाच्या वेळी म्हणत होतो. २०१० साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षात क्लोरमेक्वाटचे अंश सापडले. क्लोरमेक्वाट म्हंजे आपलं सीसीसी, काडीची वाढ रोखायला मारतो ते. माल अडकला, बागाईतदार रडले. जिथं मर्यादा वेगळी ठरवलेली नाही तिथं युरोप किलोला ०.०१ मिलिग्रॅम धरतो. म्हणजे शंभर टनात एक ग्रॅम. तेव्हा आपल्याला तो जुलूम वाटला. पण त्यातूनच आपण शिकलो. कुठलं औषध चालतं, काढणीआधी किती दिवस बंद करायचं, याची यादी आज द्राक्षवाल्याच्या खिशात असते.

साहेबाच्या पोरानं खायच्या द्राक्षाला एवढा हिशोब, आणि आपल्या भाचीच्या पोरीनं खायच्या फुलाला "काय होतंय"?

दुसरा युक्तिवाद ऐकला, "देवाला चालतं ना?" अरे, देव वास घेतो. पोरगं चावून खातं.

तिसरा युक्तिवाद जास्त शहाण्यांचा. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात शेतकऱ्याला आणि शेतावरच्या मालाला सूट आहे, मग आपल्याला कोण विचारणार? बरोबर, कुणी विचारणार नाही. म्हणूनच आपण स्वतःला विचारायला पाहिजे. कायद्यानं सूट दिली ती आपण अन्न पिकवतो या भरवशावर.

मग करायचं काय? फूल विकू नका, रोप विका

सध्या मोबाईलवर "खाद्यफुलांची शेती, लाखोंची कमाई" सांगणारे फिरतायत. बांधवांनो, सरळ हिशोब करा. हे फूल सकाळी तोडलं की दुपारी मान टाकतं. हॉटेल घेणार ते मूठभर. अर्धा एकर लावलात तर उरलेलं फूल यार्डातच जाणार, हाराच्या भावानं. खायचं फूल हे मुळात परसातलं पीक आहे. त्याची खरी जागा खाणाऱ्याच्या घरी, चुलीपासून वीस पावलांवर. पुण्यात परस राहिला नाही, पण गच्ची आणि गॅलरी आहे. शहरवाल्यांनी लावावं, आपण त्यांना रोप, बी आणि खरी माहिती द्यावी. रोपावर चिठ्ठी लावा, शेवटची फवारणी अमुक तारखेला. मी या जूनपासून तसं करणार आहे.

शहरातल्या भावा-बहिणींनो, तुमच्यासाठी माझ्या अनुभवातलं:

१) लाल भोपळा. मोठा टब आणि वर चढायला दोरी पुरते. सुरुवातीला नर फुलंच जास्त येतात. देठ बारीक तो नर, फुलाखाली बारका भोपळा दिसला तर ती मादी. खायला नरच तोडा, तेही दोन-तीन वेलावर ठेवून. सकाळी मधमाश्यांचं काम झाल्यावर तोडा, आतला परागदांडा काढून टाका आणि भजी करा.

२) गोकर्ण, निळी. बी रात्रभर भिजवून लावा. पाकळ्यांनी भात निळा होतो, लिंबू पिळलं की जांभळा. या फुलाच्या अर्काला अमेरिकेनं २०२१ मध्ये खाद्यरंग म्हणून मान्यता दिली. आपल्याकडं ती कुंपणावर फुकट होती. फक्त पाकळी वापरा. बी आणि मूळ जुलाब करतात.

३) गावठी गुलाब. वासाचा, काटेरी. कलम नर्सरीतून आणलं तर पहिला बहर खुडून टाका. मी घरी तीन महिने धरतो, तोवर एकही पाकळी तोंडात नाही.

४) शेवगा आणि हादगा सोसायटीच्या जागेत लावा. शेवग्याची निम्मीअधिक फुलं तशीही गळतात. सकाळी खाली जुनी साडी अंथरा, ताजी गळालेली वेचा, शेंगाही वाचतात. हादग्याचं फूल करताना मधला दांडा काढा, नाहीतर भाजी कडू होते.

५) झेंडूची पाकळी घ्यायची तर तळचं पांढरं टोक खुडा, ते कडू असतं. मावा आला तर पाण्याचा जोराचा फवारा मारा. दुकानातला डबा आणलात तर मग माझ्या शेतातल्या आणि तुमच्या गच्चीतल्या फुलात फरक काय राहिला?

आणि काय खायचं नाही तेही लिहून ठेवा: कण्हेर लाल असो, पांढरी असो वा पिवळी, धोतरा, रुई, कळलावी. दिसायला देखणी, पण विषारी. ओळख पटली नाही तर तोंडात नाही. पहिल्यांदा खाताना थोडंच खा, काहींना परागाची ॲलर्जी असते.

कृषीवाल्या साहेबांना

सर, मॅडम, तुम्ही शिवारफेरीला येता तेव्हा आम्हाला फुलाचा आकार, टिकाऊपणा, एकरी उत्पादन सांगता. एकदा हेही विचारा की हे फूल जाणार कुठं. द्राक्ष संशोधन केंद्र आणि फुलांचं संशोधन संचालनालय, दोन्ही आमच्या मांजरीतच आहेत. द्राक्षाला जे जमलं ते फुलाला का जमू नये? खायच्या फुलांसाठी वेगळं फवारणी वेळापत्रक द्या. खायच्या आणि विषारी फुलांची यादी फोटोसकट, गावठी नाव आणि शास्त्रीय नाव शेजारी लिहून द्या. गावागणिक नाव बदलतं आणि तिथंच घात होतो. फलटणला निंबकर संस्थेनं बिनकाट्याची करडई काढली, करडईच्या पाकळीचा चहा होतो हे लोकांपर्यंत नेलं. म्हणजे खाण्याच्या बाजूनं फुलाकडं बघता येतं. मनावर घ्यायला पाहिजे.

तो केकवाला संक्रांतीनंतर परत आला होता. मी त्याला सांगितलं, फवारलेली आहेत, देणार नाही. तो म्हणाला, "काका, शेजारच्या रानातून घेतो मग." घेतलीही. म्हणून हे लिहिलं. मी एकट्यानं नाही म्हणून त्या पोरीच्या तोंडातली पाकळी निघत नाही. बांधावरच्या सगळ्यांनी नाही म्हणलं तर निघते.

पटलं तर तुमच्या गावच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली भांडा, पण आधी आपल्या औषधाचा डबा उचलून गुलाबापुढं काय लिहिलंय ते वाचून या.