घाट उतरताना वाचणारे डिझेल

संपादक महाशय,



इंधनाचे दर वाढले की काटकसरीची आवाहने प्रसिद्ध होतात, तेल कंपन्यांचा ‘सक्षम’ हा महोत्सव दरवर्षी घोषवाक्ये आणि सायकलफेऱ्या यांसह पार पडतो, आणि १९७८ पासून कार्यरत असलेली पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन वेग, चाकांतील हवा आणि सिग्नलवर इंजिन बंद ठेवणे यांविषयीच्या सूचना नेमाने देत असते. जो देश आपल्या गरजेच्या कच्च्या तेलापैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक तेल परदेशांतून आणतो, त्याला हे सर्व उद्योग आवश्यकच आहेत. परंतु आपल्या डोंगराळ मुलखात काटकसरीच्या नावाखाली जी एक सवय पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, तिचा समाचार या उपदेशात पुरेसा घेतला जात नाही. कसारा असो, खंबाटकी असो, वा खंडाळ्याचा बोरघाट असो, उतार लागला की गाडी न्यूट्रलला टाकून, आणि कित्येकदा इंजिनच बंद करून, सोडून द्यावयाची, ही ती सवय. अशा घाटांत तिच्यामुळे डिझेल वाचत नाही, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

ही समजूत निर्माण कशी झाली, हे समजण्यासारखे आहे. कार्ब्युरेटरच्या जुन्या पेट्रोल गाड्यांत, पाय काढला आणि गाडी गिअरमध्ये ठेवली तरी इंजिन थोडेबहुत पेट्रोल ओढीतच राही, त्यामुळे उतारावर स्कूटर बंद करणाऱ्या त्या काळच्या गृहस्थाचा हिशेब, धोक्याची बाब क्षणभर बाजूला ठेवली तर, अगदीच चुकीचा नव्हता. पण त्या हिशेबाला आता आधार उरलेला नाही. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत ॲक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण काढून गाडी गिअरमध्येच ठेवली, तर चाकेच इंजिनाला फिरवीत राहतात, आणि इंजिनाचे फेरे पुरेसे आहेत असे पाहून गाडीतील नियंत्रक इंधनाचा पुरवठा सर्वस्वी तोडून टाकतो. उलट तीच गाडी न्यूट्रलला टाकली की इंजिनाला स्वतःला जिवंत ठेवण्यासाठी डिझेल जाळावेच लागते. म्हणजे ज्याला चालक बचत समजतो तो खर्च आहे, आणि ज्याला तो खर्च समजतो तेथे खर्च शून्य आहे. जुन्या, पंपावर चालणाऱ्या डिझेल ट्रकांतही गव्हर्नर पाय काढताच इंधन तोडण्याचे हेच काम करीत असे, ही गोष्ट कसबी मिस्त्री आजही सांगतील.

यावर कोणी असा आक्षेप घेईल की, न्यूट्रलमध्ये इंजिनाची ओढ नसल्याने गाडी अधिक अंतर घरंगळत जाते आणि तेवढा लाभ होतोच. मंद, सरळ आणि मोकळ्या उतारापुरते हे खरे आहे. घाटाला मात्र हा न्याय लागू पडत नाही, कारण घाटात गाडी पळविणे हा प्रश्नच नसून ती आवरणे हा प्रश्न असतो, आणि इंजिनाने फुकट जे आवरले असते ते सारे ओझे अशा वेळी ब्रेकवर येऊन पडते. कोणत्याही मोठ्या घाटाच्या पायथ्याशी, ढाब्यासमोर थांबलेल्या मालट्रकजवळ क्षणभर उभे राहावे: ब्रेकचे लायनर जळाल्याचा तो उग्र दर्प नाकात भरतो, चाकाच्या ड्रमला हात लावण्याची सोय नसते, आणि क्लीनर बादली घेऊन त्यावर पाणी मारीत असतो. वाचलेले म्हणून जे डिझेल सांगितले जाते, त्याची किंमत तेथे लायनरच्या रूपाने चुकती होत असते, हे मालकाच्या वहीत वेगळ्या पानावर लिहिले जाते एवढेच.

आणि इंजिन बंद केले असेल तर गोष्ट लायनरवर थांबत नाही. हवेच्या ब्रेकला हवा पुरविणारा कॉम्प्रेसर थांबतो, टाकीतील दाब प्रत्येक ब्रेकगणिक उतरत जातो, पॉवर स्टिअरिंग जड पडते, आणि नेमक्या ज्या वळणावर चालकाला सर्व साधनांची गरज असते त्या वळणावर ती एकामागून एक त्याला सोडून जातात. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून उतरणाऱ्या एका अवजड वाहनाने नवले पुलाजवळ अनेक वाहनांना धडक दिली. चालकाने उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली होती, असे तपासात दिसून आल्याचे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. त्या उतारावरून आजही तशाच गाड्या उतरतात.

तथापि या चालकांना मूर्ख ठरवून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. मालवाहतुकीच्या धंद्यात अनेक ठिकाणी फेरीचे डिझेल बांधून देण्याची पद्धत आहे. अमुक गावापासून तमुक गावापर्यंत इतके लिटर, त्यात भागविले तर उरलेले चालकाचे, कमी पडले तर भर त्याच्या पगारातून, असा हा करार असतो. तुटपुंज्या वेतनावर रात्र-रात्र स्टिअरिंग धरणाऱ्या मनुष्याला ज्या मार्गाने चार लिटर वाचतील असे वाटेल त्या मार्गाने तो जाणारच, आणि ज्याने त्याला हा धंदा शिकविला त्या उस्तादानेच न्यूट्रलचा मंत्र त्याच्या कानात सांगितलेला असतो. डिझेलचा हिशेब ठेवू नये असे माझे म्हणणे नाही. आपल्या एसटीमध्येही दहा लिटरमागे किती किलोमीटर, या मापाने गाडीची कामगिरी मोजली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या मालकाला अ‍ॅव्हरेज हवे त्याने ते कसे मिळवावे हे शिकविण्याची जबाबदारीही पत्करली पाहिजे, नुसता आकडा बांधून देऊन हात झटकता येणार नाहीत.

खरे अ‍ॅव्हरेज मिळते ते अन्यत्र. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीला दीडपटीहून अधिक विरोध सोसावा लागतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ९४.५ किलोमीटरांचा, त्यावर या वीस किलोमीटरांच्या वाढीव वेगाने, घाट आणि टोलनाके मध्ये नाहीत असे धरले तरीही, वाचतात ती सुमारे चौदा मिनिटे. शहरात तर वेगापेक्षाही ब्रेक अधिक इंधन खातो. समोरचा सिग्नल लाल झालेला शंभर पावलांवरून दिसत असतानाही शेवटच्या क्षणापर्यंत रेस देत जाणे आणि मग करकचून थांबणे, म्हणजे इंधन जाळून मिळविलेली गती ब्रेकच्या उष्णतेत विरून जाऊ देणे होय. पाय आधीच काढला तर तीच गाडी त्याच ठिकाणी, गिअरमध्ये, काहीही न जाळता पोहोचते. क्लचवर सदैव पाय टेकवून ठेवणे, सिग्नलला उभे असताना मूठ पिळीत राहणे, पंपावर विनामूल्य मिळणारी हवा महिनोन्‌महिने न तपासणे, या गोष्टी सर्वश्रुत आहेत. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी या घाटातील जुन्या शिरस्त्याकडे मात्र या दृष्टीने कोणी पाहत नाही. भरलेला ट्रक चढावर थांबवून पुन्हा पहिल्या गिअरमध्ये उचलावयाचा म्हणजे किती डिझेल जाते, हे उतरणाऱ्याने ध्यानात घेतले, तर तो मुकाट्याने कडेला थांबेल.

परिवहन खात्याकडे माझी मागणी दोन गोष्टींची आहे. अवजड वाहनाच्या परवान्याची परीक्षा घेताना उतार गिअरमध्ये उतरून दाखविण्याची तरतूद असावी, आणि इंधन केव्हा तुटते व केव्हा जळते हे उमेदवाराला तोंडी विचारले जावे. दुसरी गोष्ट अल्पखर्चाची आहे. घाटमाथ्यावर ‘न्यूट्रलमध्ये गाडी चालवू नका’ असे जे फलक असतात ते केवळ भीती घालतात, आणि ज्याने शेकडो वेळा सुखरूप घाट उतरला आहे त्याला ती भीती शिवत नाही. तो न्यूट्रल टाकतो तो पैशासाठी, म्हणून त्याच्याशी पैशाच्या भाषेत बोलावे. त्याच फलकांवर, त्याच मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि हिंदीत, ‘गिअरमध्ये उतरा, पाय काढा, डिझेल लागत नाही’ एवढा मजकूर खात्याने या पावसाळ्यापूर्वी रंगवून घ्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, सातारा