कांद्याचे घरचे बी राहिले पाहिजे

निवडक गोट लावायचे, डेंगळे येऊ द्यायचे, गोंडे वाळले की बी झाडून घ्यायचे. चाकणच्या महात्मा फुले बाजारात कांदा आणणारे कितीतरी शेतकरी आजही असे घरचे बी धरतात. संकरित कांद्याचा आग्रह धरताना या बियाचे काय होणार, याचा विचार आधी व्हायला हवा.

कांद्याच्या एका गोंड्यात शेकडो बारीक फुले असतात. कपाशीसारखे एकेका फुलातले पुंकेसर हाताने काढणे इथे परवडणारे नाही. संकरासाठी मुळातच नरवंध्य, म्हणजे पराग न देणारे, झाड लागते. तसे झाड १९२५ मध्ये कॅलिफोर्नियात हेन्री जोन्स यांना सापडले. १९४३ मध्ये जोन्स आणि क्लार्क यांनी त्याची आनुवंशिकता उलगडली : वंध्यत्व पेशीद्रव्यातून, म्हणजे मादीकडून येते आणि केंद्रकातले एक प्रभावी जनुक फुलाला पुन्हा पराग देते.

कपाशीत हे तत्त्व वापरायचे तर पराग परत आणणारे जनुक नराकडून मिळावेच लागते, कारण परागाविना बोंड धरत नाही. व्हेस्टा मेयर यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत वंध्य पेशीद्रव्य आणि त्यावर मात करणारे जनुक, दोन्ही हार्कनेसी या रानकपाशीतून आले. कांद्यात मात्र गड्डाच विकायचा असल्याने पैदासकाराला त्या जनुकाची गरज पडत नाही.

शेतकरी अडतो तो इथेच. ते जनुक नसलेला संकरित कांदा बियासाठी लावला, तर गोंडे फुलतात, पण पराग देत नाहीत. मधमाश्यांनी शेजारच्या शेतातून पराग आणला तर बी धरते. पण त्याच्या गुणांचा भरवसा नसतो आणि वंध्य पेशीद्रव्य त्यातून पुढच्या पिढीत जातेच.

राजगुरूनगरच्या कांदा व लसूण संशोधन संस्थेचे भीमा सुपर, भीमा शक्ती, भीमा किरण हे सरळ वाण आहेत. त्यांचे बी शेतकरी राखू शकतो. असे वाण काढण्याचे काम मागे पडता कामा नये. एकसारख्या गड्ड्यासाठी संकरित वाणही यावेत. पण जनतेच्या पैशातून घडलेल्या संकराची नरवंध्य मादी आणि तिचा वंश राखणारी जोड शेतकरी उत्पादक कंपन्यांना बीजोत्पादनासाठी मिळालीच पाहिजे. शिवाय प्रत्येक संकरित पाकिटावर ‘या पिकाचे बी धरू नये’ ही सूचना कारणासह, ठळक मराठीत छापणे सक्तीचे करावे.