दोष वयाचा की खुर्चीचा?

चाळिशी उलटते न उलटते तोच 'आता वय झाले' असे म्हणण्याची रीत आपल्याकडे रूढ आहे. दोन जिने चढताना धाप लागली, भरलेली बादली उचलताना कंबर धरली, की सारा दोष वयाच्या माथी मारून माणूस पुन्हा खुर्चीत विसावतो. शरीरशास्त्राचा निर्वाळा मात्र निराळा आहे.

1966 साली अमेरिकेतील डॅलस येथे विशीतील पाच निरोगी तरुणांना प्रयोगासाठी तीन आठवडे अंथरुणावर पडून ठेवण्यात आले. तेवढ्या अवधीत त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता एक चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची तपासणी झाली, तेव्हा तीन दशकांच्या वयोमानाने झालेली घट त्या तीन आठवड्यांच्या घटीपेक्षा कमी भरली! पुढे सहा महिने बेताबेताने वाढवलेल्या चालण्या-धावण्याने व सायकलीने तीही भरून निघाली.

याचे कारण उघड आहे. शरीर हा काटकसरी कारभारी आहे. जे मागितले जात नाही, ते तो पोसत नाही. नियमित चालण्या-पोहण्याने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त फेकू लागते, म्हणून विश्रांतीच्या वेळची नाडी मंदावते. स्नायूंत केशवाहिन्यांचे जाळे दाट होते. जोर, बैठका वा वजने यांचा परिणाम वेगळा. पहिल्या काही आठवड्यांत स्नायू फारसे फुगत नाहीत, पण अधिक तंतू एकाच वेळी कामाला लावण्याची कला मज्जासंस्था शिकते. तंतू जाड होतात ते त्यानंतर. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात नव्वदीच्या आसपासच्या दुर्बल वृद्धांच्या पायांचे बळ अवघ्या आठ आठवड्यांत दुपटीहून अधिक वाढले.

तथापि एक व्यायाम दुसऱ्याची उणीव पुरती भरून काढीत नाही. केवळ फेरफटक्यावर समाधान मानणारे गृहस्थ आणि केवळ दंड फुगवणारा तरुण, दोघांचाही हिशेब अर्धवटच. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायुबळाचा व्यायाम सांगितला, तो याचसाठी.

दिवसभर लेखणी वा यंत्रापुढे बसून, गर्दीतून प्रवास करून थकलेल्या कारकुनाला हा उपदेश जाचक वाटेल. परंतु 150 मिनिटे म्हणजे रोजची वीस-बावीस मिनिटे. भरभर चालण्यास शुल्क लागत नाही आणि बैठकांना साधनही लागत नाही. आरंभ थोडक्याने करावा, विश्रांती चुकवू नये, हृदयविकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, एवढे पथ्य पुरे.

खरी चिंता शाळांची आहे. परीक्षा जवळ आली, की शारीरिक शिक्षणाचा तास गणिताला बिनदिक्कत देऊन टाकला जातो. खुर्चीची सवय लागते ती तेथेच. तो तास मुलांना परत मिळालाच पाहिजे. अन्यथा 'वय झाले' हे शब्द चाळिशीऐवजी तिशीतच ऐकू येतील.