खिलारीची ठेवण कुणाची?

परवा एका व्याख्यानात ऐकले : देशी गाय निसर्गाने घडवली, तिच्या देहाला माणसाचा हात कधी लागला नाही, विदेशी गाय तेवढी माणसाने बिघडवली. टाळ्या पडल्या. आटपाडी-सांगोल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वळू राखणाऱ्या माणसांचा मला तो अपमान वाटला.

त्यांची खिलार जातच पाहा. लांब, अरुंद चेहरा, मागे वळून वर गेलेली शिंगे, अंगाला घट्ट बसलेले कातडे, गळ्याखाली आखूड पोळी, टणक खूर, लहानशी कास. हे माणदेशाच्या वाऱ्याने केले म्हणता? वारा खोंड बडवत नाही. कोणता खोंड बडवायचा आणि कोणता वळू म्हणून राखायचा, हे माणूस ठरवत आला. खरसुंडीच्या बाजारात गिऱ्हाईक बैल चालवून पाहते, खूर बघते, कातडे चिमटीत धरते. ढिल्या अंगाच्या बैलाला भाव येत नाही, मग तसला वळू कोण राखील? बैल मोटेला, नांगराला, गाडीला हवा होता, म्हणून चपळाई निवडली गेली. दुधाकडे कुणी पाहिले नाही, म्हणून कास लहान राहिली. निसर्गाला मोट ओढायची नव्हती!

इतर जातींचेही तसेच. देवणी जातीत गीर आणि डांगी जातींचे रक्त आहे. कृष्णाकाठच्या चिकट काळ्या रानासाठी १९व्या शतकाच्या अखेरीस संस्थानिकांनी गीर, ओंगोल, कांकरेज यांच्या संकरातून कृष्णा खोरे जात उभी केली. तीही आपोआप उगवली काय?

बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली बंदी आली, तेव्हाही माणसाच्या या निवडीकडे कुणी पाहिले नाही. दोन्ही बाजू गाईबैलांवरच्या मायेबद्दल बोलल्या. खोंड राखण्याचे कारणच गेले तर जात टिकेल कशी, असे मी विचारत होतो. उत्तर मिळाले नाही.

माझे म्हणणे थोडके आहे. ठेवण माणसाने निवडली, तेव्हा जबाबदारीही त्याचीच. विदेशी होल्स्टीन गाईची कास अशाच निवडीने वाढली. बेल्जियन ब्लूचे तर मांस इतके वाढवले की बहुतेक वासरे गाईचे पोट चिरून काढावी लागतात. असा अतिरेक नको. पण मोट गेली, नांगर ट्रॅक्टरने घेतला. आता खिलारीत काय निवडायचे हे ठरवावेच लागेल. काटकपणा राखून दूध वाढवावे, गावोगाव वळूंच्या आणि दुधाच्या नोंदी ठेवाव्यात, असे माझे मत आहे.

टाळ्या वाजवणाऱ्यांनी एवढे करावे : आपल्या तालुक्यात जातिवंत वळू किती उरलेत, ते मोजून यावे.