बाहेरचें ताट आणि घरची वही

सकाळीं रामकुंडावरून परततांना पंचवटी कारंजापर्यंतच्या दुकानांच्या पाट्या वाचीत येणें, ही आमची जुनी खोड आहे. शाळा सुटली तरी अंगांतला मास्तर सुटला नाहीं, असें आमच्या कुटुंबाचें म्हणणें पडतें. या पाट्यांवर 'उपाहारगृह' हा शब्द पुष्कळदां 'उपहारगृह' असा रंगविलेला आढळतो. उपाहार म्हणजे अल्प आहार. उपहार म्हणजे भेट, नजराणा. फरक एका कान्याचाच; परंतु आंत जाऊन खाऊन झाल्यावर जो कागद हातीं येतो, तो पाहून ही भेट आहे असें कोणासही वाटणार नाहीं. त्या कागदाविषयींच आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

'बाहेरचें खाऊं नये' हें वाक्य आमच्या पिढीच्या कानांवर लहानपणापासून पडत आलें. पंचवटी हें क्षेत्र. येथें बाहेरगांवचीं माणसें नित्य येत. तथापि यात्रेकरूचें जेवण बहुधा क्षेत्रोपाध्यांच्या घरीं होई, नाहीं तर धर्मशाळेंत तो स्वतःच्या हातानें शिजवून घेई. गरीब विद्यार्थी वार लावून जेवीत. सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसर्‍या. आमचे तीर्थरूप असेच शिकले, आणि सात घरच्या आमट्यांच्या सात चवी त्यांना अखेरपर्यंत सांगतां येत असत. परंतु घरदार असलेल्या गृहस्थानें शिजविलेलें अन्न पैसे टाकून विकत घ्यावें, हें कमीपणाचें मानलें जाई.

या निषेधाचें मूळ कारण आरोग्य किंवा काटकसर हें नव्हतें, हें प्रामाणिकपणें कबूल केलें पाहिजे. कारण होतें सोंवळें, आणि सोंवळ्याच्या आड उभी असलेली जात. पुण्यास १८९० च्या ऑक्टोबरांत पंचहौद मिशनमध्यें चहा घेतल्याबद्दल न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवरही प्रायश्चित्ताचा प्रसंग आला. ज्या काळाराम मंदिराच्या शेजारीं आमचें वास्तव्य आहे, त्याच मंदिराच्या दारांशीं २ मार्च १९३० रोजीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं प्रवेशासाठीं सत्याग्रह सुरू झाला आणि तो पुढें कित्येक वर्षें चालला. जेथें देवाच्या दारांत ही स्थिति, तेथें ताटाची काय कथा! तेव्हां 'बाहेरचें खाऊं नये' या जुन्या नियमाचें तें कारण गेलें, हें उत्तम झालें. तें परत न येवो.

पुढें बाहेरचें जेवण आलें तें गरजेपोटीं. पुण्यास नानासाहेब सरपोतदारांनीं १९३५ सालीं काढलेलें पूना गेस्ट हाउस, किंवा मुंबईस माटुंग्याला १९४२ सालीं निघालेलें रामा नायकांचें उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग, यांसारख्या ठिकाणांनीं घर सोडून शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं आलेल्या किती जणांची सोय केली असेल, याची गणती नाहीं. ज्याची चूल दूर, त्यानें बाहेर जेवावें. यांत प्रश्नच नाहीं. प्रश्न आमच्यासारख्यांचा आहे. घर आहे, चूल आहे, चुलीपाशीं माणसेंही आहेत. तरीही बाहेर खावें काय, आणि खावें तर किती वेळां?

आमचें घर सहा माणसांचें : आम्ही उभयतां, चिरंजीव, सूनबाई आणि दोन नातवंडें. जमाखर्चाची वही गेलीं चाळीस वर्षें आमच्याकडे आहे. मागें एका महिन्यांत आम्हीं बाहेरच्या खाण्याचें निराळें पान घातलें. चार रविवारीं मिसळ. गंगापूर आणि मखमलाबाद रस्त्यांच्या बाजूला मळ्यांतून जीं मिसळीचीं ठिकाणें झालीं आहेत, तेथें जाणें हा आतां नाशिककरांचा साप्ताहिक कुळाचारच होऊन बसला आहे. एका ताटास एकशें दहा रुपये, सहा ताटें, चार वेळां. म्हणजे २,६४० रुपये. नातवाच्या वाढदिवसाचें जेवण ३,१५०. मोबाइलवरून दारांत मागविलेले पदार्थ चार वेळां, १,४५०. एकूण नऊ वेळां आणि ७,२४० रुपये. त्याच महिन्याचें दुधाचें बिल ३,६०० होतें. म्हणजे दुधाच्या दुपटीहून चाळीस रुपये अधिक आम्हीं बाहेर खाल्ले!

हें आमच्याच घरीं घडतें असें नाहीं. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कुटुंबखर्च पाहणीप्रमाणें शहरांत दरडोई मासिक खर्च ६,९९६ रुपये होता, आणि त्यांतील शंभरांमागें अकरा रुपये पेयें व तयार खाद्यपदार्थ यांवर गेले. भाजी, दूध, फळें यांपैकीं कोणत्याही एका बाबीवर इतका खर्च झाला नाहीं.

बिलांतील रकमेबद्दल मालकास लुटारू म्हणण्याचें मात्र कारण नाहीं. त्याच्या ताटांत जागेचें भाडें आहे, आचार्‍याचा आणि वाढप्याचा पगार आहे. आपल्या घरीं १४.२ किलोचें गॅसचें नळकांडें येतें. त्याला १९ किलोचें, व्यापारी दराचें घ्यावें लागतें. साध्या उपाहारगृहांतील जेवणावर नोव्हेंबर २०१७ पासून शेंकडा पांच कर आहे. तो सरकारचा, त्याचा नव्हे. परंतु 'सेवा शुल्क' म्हणून जी रक्कम कोठें कोठें खालीं जोडलेली असते, ती देणें सक्तीचें नाहीं. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें जुलै २०२२ मध्यें तसें सांगितलें आणि मार्च २०२५ मध्यें दिल्ली उच्च न्यायालयानेंही तें उचलून धरलें. तळणाच्या तेलासही आतां नियम आहे. पुनःपुन्हां तापवून ज्यांतील बिघडलेले घटक शेंकडा पंचविसांवर गेले, तें तेल वापरूं नये, असा दंडक जुलै २०१८ पासून आहे. वाचकांनीं बिल आणि कढई या दोन्हींकडे नजर ठेवावी, इतकेंच.

तर हा सगळा हिशेब घेऊन एका रात्रीं पानावर बसल्या बसल्या आम्हीं जाहीर केलें कीं, पुढील महिन्यापासून बाहेरचें खाणें महिन्यांतून एकदांच, मिसळ घरीं. रविवारच्या मिसळीचें आमचें गणितही तयार होतें. बाहेर सहा ताटांचे ६६० रुपये. घरीं मटकी, फरसाण, कांदा, पाव, दही, पापड मिळून २८०. दर खेपेस ३८० रुपये वाचतात. चिरंजीव मान खालीं घालून भात कालवीत राहिले. सूनबाई आमटी वाढीत होत्या, त्या कांहीं बोलल्या नाहींत. बोललें तें आमचें कुटुंब.

"अहो, वहींत मटकी लिहिलीत, कांदा लिहिलात. ती मटकी आदल्या दिवशीं भिजवणारी, मोड आणणारी, रविवारीं सकाळीं वाटण वाटणारी आणि मागाहून भांडीं घासणारी, तिचे किती लिहिलेत?"

आम्ही म्हणालों, "घरच्या कामाचे पैसे कसे लिहावयाचे?"

"नका लिहूं. पण मग 'वाचले' असेंही लिहूं नका."

आम्हीं आयुष्यभर मुलांना पदच्छेद शिकविला. आमच्या हिशेबाचा पदच्छेद इतक्या थोडक्यांत कोणीं केला नव्हता. सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणींत घरच्या बिनमोल कामावर स्त्रिया दिवसाचीं २८९ मिनिटें घालवितात आणि पुरुष ८८, असें आढळलें. हे आंकडे पूर्वीं वर्तमानपत्रांत वाचले होते, आणि इतर पुरुषांविषयीं खेदही वाटला होता. आमचीं स्वतःचीं मिनिटें मोजावयास बसलों, तेव्हां तीं आठ देखील भरेनात. घरचें जेवण स्वस्त पडतें, याचें एक मोठें कारण असें कीं त्यांतील सर्वांत महाग जिन्नस आपण फुकट घेतों.

दुसर्‍या दिवशीं सूनबाईंना आम्हीं मुद्दाम विचारलें कीं, नऊ वेळांपैकीं कोणत्या वेळा तुम्हांला गाळाव्याशा वाटतात? त्या म्हणाल्या, "मामंजी, मोबाइलवरच्या चारही गाळा. तें अन्न निवून येतें, मुलें अर्धें टाकतात आणि डबे मात्र मलाच धुवून टाकावे लागतात. पण महिन्यांतून दोनदां तरी बाहेर जाऊं या. तिथें सासूबाई सगळ्यांबरोबर बसून जेवतात."

हें वाक्य आमच्या मनांतून अद्याप गेलेलें नाहीं. लग्नाला आमच्या अडतीस वर्षें झालीं. घरीं पोळी तव्यावरून उतरते ती आमच्या पानांत. करणारीच्या पानांत येते ती शेवटची, बहुधा गार. वाढदिवसाच्या त्या जेवणांत ३,१५० रुपये गेले हें आम्हीं लिहिलें होतें. परंतु त्या दिवशीं घरच्या दोन्ही स्त्रियांनीं गरम पोळी खाल्ली, हें त्या पानावर कोठेंच नव्हतें.

आतां आमच्या घरीं ठरलें आहे तें असें. आळसापोटीं दारांत मागविणें बंद. महिन्यांतून दोनदां बाहेर, आणि तो दिवस व तें ठिकाण स्वयंपाक करणारींनीं ठरवावयाचें. राहिलेल्या रविवारांपैकीं दोन रविवारीं मिसळ आम्हीं आणि चिरंजीवांनीं करावयाची, भांड्यांसकट. पहिल्या खेपेस रस्सा इतका पातळ झाला कीं, नातवानें "आजोबा, यांत मटकी पोहायला शिकते आहे का?" असें विचारलें. दुसर्‍या खेपेस तिखट अधिक पडलें. तिसर्‍या खेपेस कोणीं कांहीं बोललें नाहीं आणि पातेलें रिकामें झालें. मास्तरांस एवढी शाबासकी पुरे. गेल्या महिन्यांत बाहेरचा खर्च ३,९०० झाला. म्हणजे ३,३४० रुपये उरले, आणि या वेळीं ते खरोखरच उरले असें म्हणण्यास आमचें कुटुंब तयार झालें.

बाहेर किती वेळां जेवावें, याचें एक उत्तर सर्व घरांना लागू पडणार नाहीं. प्रत्येकाची मिळकत निराळी, माणसें निराळीं. तथापि हा प्रश्न घरांत निघेल तेव्हां वही उघडण्याआधीं एक करावें. पानें मांडल्यावर शेवटीं कोण बसतें, तें पाहावें, आणि पहिलें मत तिचें घ्यावें. आम्हांला हें सुचावयास अडतीस वर्षें लागलीं. वाचकांना तितकीं लागूं नयेत.